शाळेची भीती : शंभर वर्षांत आम्ही डॉक्टर काय शिकलो?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, की दोन-तीन आठवड्यांत माझ्या दवाखान्यात सकाळी पोट दुखणारी मुलं येऊ लागतात. अंगात गणवेश असतो, दप्तर आईच्या खांद्यावर असतं आणि मुलाचा हात बेंबीवर असतो. तपासायला घेतलं तर पोट मऊ, ताप नाही, जीभ स्वच्छ. साडेदहा-अकरा वाजले, म्हणजे शाळेची वेळ टळली, की दुखणं ओसरतं. "डॉक्टर, रविवारी याला काही होत नाही हो," असं आई गोंधळून सांगते. "नाटकं आहेत सगळी," असं वडील म्हणतात.

वीसेक वर्षांपूर्वी असाच चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी जंताचं औषध दिलं. मग लघवी, शौच, रक्त तपासलं. सोनोग्राफी केली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तरी पोट दुखतच होतं, म्हणून शाळेसाठी आठ दिवसांच्या विश्रांतीचं सर्टिफिकेट लिहून दिलं. नंतर आणखी पंधरा दिवसांचं. दिवाळी येईपर्यंत तो मुलगा शाळेत जायचा पूर्ण थांबला होता. त्याचं नेमकं काय चुकलं होतं, यापेक्षा माझं काय चुकलं होतं, हे समजायला मला उशीर लागला. ते समजून घेताना या विषयाचा जो इतिहास वाचला, तोच आज आपल्याला सांगणार आहे. कारण आज आपल्या घरात जे वाद होतात (मूल आळशी आहे का, आईनं लाडावून ठेवलंय का, आजार आहे का) ते सगळे वाद डॉक्टरांनी गेल्या शंभर वर्षांत आधीच घालून झालेले आहेत.

उचलबांगडीचा काळ

माझे आजोबा सांगायचे, की त्यांच्या गावात एखादा मुलगा शाळेत आला नाही, की मास्तर वरच्या वर्गातली चार दांडगी मुलं त्याच्या घरी पाठवायचे. ती त्याचे हात-पाय धरून त्याला उचलून शाळेत आणून टाकायची. याला उचलबांगडी म्हणत. आज हा शब्द आपण एखाद्या अधिकाऱ्याची अचानक बदली झाली की वापरतो, पण आजोबांच्या आठवणीत तो रडणाऱ्या पोरांशी जोडलेला होता. मूल का येत नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. ते 'चुकार' आहे, एवढं पुरेसं होतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे, ही कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली ती १८८० साली. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. या सक्तीनं लाखो मुलांचं, विशेषतः मुलींचं आणि बहुजन समाजातल्या मुलांचं भलं झालं, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण तिच्यामुळे एक नवा प्रश्नही समोर आला. पूर्वी शाळेला घाबरणारं मूल घरी किंवा शेतावर राहायचं आणि ते कुणाला जाणवायचंही नाही. आता हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रोज गैरहजेरी लागू लागली. मग 'हे मूल येत का नाही?' याचं उत्तर शोधणं भाग पडलं.

घरीच सापडणारं मूल

या प्रश्नाकडे पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले इस्रा ब्रॉडविन. १९३२ साली त्यांनी शाळा बुडवणाऱ्या मुलांवर एक लेख लिहिला आणि त्यात एक वेगळाच प्रकार नोंदवला. नेहमीचा दांडीबहाद्दर मुलगा शाळेच्या वेळात गावभर भटकतो आणि आई-वडिलांना त्याचा पत्ता नसतो. पण ही मुलं घरातच सापडत, बहुधा आईजवळ. पूर्वी त्यांचा अभ्यास आणि वागणूक ठीक होती. घरी ती आनंदात दिसत. ओढून शाळेत नेलं की कावरीबावरी होत आणि संधी मिळताच घरी पळून येत. मार बसणार हे माहीत असूनही. का, असं विचारलं तर काहींना सांगताच येत नसे. काही मुलांच्या मनात मात्र एक ठाम भीती होती : मी शाळेत असताना आईला काहीतरी भयंकर होईल. घरी येऊन ती सुखरूप आहे हे पाहिलं, की जीव भांड्यात पडे.

म्हणजे हे मूल शाळेपासून पळत नव्हतं, घराकडे पळत होतं. हा फरक कळणं ही मोठी पायरी होती. मार खाण्याची भीतीसुद्धा ज्या भीतीपुढे लहान ठरते, ती भीती छडीनं जाणार कशी?

दोष आईच्या माथी

१९४१ साली ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला 'स्कूल फोबिया' हे नाव दिलं. मूल आणि आई एकमेकांवर फार अवलंबून असतात, आणि दोघांच्याही आयुष्यात एकाच वेळी काही ताण आला की मुलाचं शाळेत जाणं थांबतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. निरीक्षणात तथ्य होतं. पण त्यातून पुढची दोन दशकं बऱ्याच ठिकाणी सरसकट निष्कर्ष निघू लागला, की चूक आईची. पूर्वी मुलाला दोष दिला जायचा, आता आईला. घरातले वडील, वर्गातला मार, डोक्यावरून जाणारा अभ्यास, यांच्याकडे लक्ष कमीच गेलं.

हे वाचताना मला संकोच वाटला. कारण "तुम्हीच याला फार चिकटून ठेवलंय," हे वाक्य मीसुद्धा एकेकाळी आयांना ऐकवलेलं आहे.

१९५८ साली लिऑन आयझेनबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं हाच मुद्दा जास्त समजुतीनं मांडला. चिंता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, असं त्याचं म्हणणं. आई तोंडानं "जा बाळा" म्हणते, पण हात सोडत नाही; मूल शब्दांपेक्षा त्या हाताचं ऐकतं. यात आईवर आरोप नाही. उलट, आईला धीर दिला तर मुलालाही धीर येतो, असा याचा अर्थ होतो. मूल शाळेबाहेर जितकं जास्त राहील तितकं परतणं अवघड, म्हणून लवकर परत पाठवण्यावर त्यानं भर दिला.

बेंबीभोवतीचं दुखणं

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी नोरा नेश यांच्यासोबत एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली आणि ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. साधारण दहातल्या एका मुलाला पुन्हा पुन्हा पोटदुखी होत होती. किमान तीन महिन्यांत तीन वेळा आणि रोजच्या कामात अडथळा येण्याइतकी. अशा शंभर मुलांच्या बारकाईनं तपासण्या केल्या, तेव्हा शारीरिक विकार सापडला तो फक्त आठ जणांत. त्यांचा एक साधा नियम आम्ही डॉक्टर आजही वापरतो : दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त.

पण याचा अर्थ 'उरलेली ब्याण्णव मुलं नाटकं करतात' असा नाही, आणि ॲपली यांचंही तसं म्हणणं नव्हतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. परीक्षेच्या आधी आपल्या पोटात गोळा येतो तेव्हा तो गोळा खराच जाणवतो ना? मुलाचंही तसंच. दुखणं खरं असतं, कारण पोटाबाहेर असतं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, ताप, उंची-वजन न वाढणं किंवा पोटाच्या एकाच कडेला दुखणं असेल, तर मात्र तपासण्या हव्यातच. यातलं काही नसेल तर एकदा नीट तपासून थांबावं. दर आठवड्याला नवी तपासणी केली, की मुलाची आणि पालकांची एकच समजूत पक्की होते : काहीतरी मोठं आहे, डॉक्टरांना सापडत नाहीये.

दोन वेगळी मुलं, आणि खिडकीशी उभं राहणारं मूल

लंडनमधले लायनेल हर्सोव्ह यांनी १९६० साली शाळेला घाबरून घरी राहणारी ५० मुलं, भटकणारी ५० मुलं आणि नियमित शाळेत जाणारी ५० मुलं यांची तुलना केली. पहिल्या दोन गटांतली मुलं आणि त्यांची घरं खरोखरच वेगळी निघाली. घाबरणारी मुलं बहुधा अभ्यासात बरी, वागायला सरळ, पण चिंताग्रस्त होती. एकाच शिक्षेनं दोघांना सरळ करता येणार नाही, हे आता आकड्यांनी दिसलं.

याच सुमारास, मूल आईपासून दूर झालं की त्याच्या मनात काय होतं, याचा शोध जॉन बोल्बी घेत होते. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक मूकपट दाखवला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीचा तो होता. त्या काळी तिथं आई-वडिलांना मुलांजवळ राहू देत नसत. शहाण्यासारखी वागणारी ती मुलगी आतून कशी खचत जाते, हे त्यात दिसलं. चित्रपट पाहून आधी अनेक डॉक्टर चिडले. पण १९५९ साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीनं, पालकांना मुलांना भेटायला मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली.

बोल्बींनी १९७३ सालच्या आपल्या ग्रंथात शाळेला न जाणाऱ्या मुलांच्या घरांत दिसणारे चार प्रकार मांडले. कधी पालकच एकटेपणामुळे मुलाला जवळ ठेवू पाहतात. कधी मुलाला वाटतं, मी नसताना आई-बाबांना काही होईल. कधी वाटतं, घराबाहेर मलाच काही होईल. आणि कधी पालकांना वाटतं, मुलाला काही होईल. बोल्बींचा भर यावर होता, की या भीतीला बहुतेक वेळा घरात घडलेलं काहीतरी कारण असतं. आपण ते विचारलेलं नसतं.

अंगणात आलेली शाळा

परदेशातले डॉक्टर मूल आणि आई यांच्याकडे पाहत होते, त्याच काळात आपल्याकडचे काही शिक्षक उलट बाजूनं विचार करत होते : शाळाच घाबरवणारी असेल तर?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका १९२० पासून माराशिवाय, बक्षिसाच्या आमिषाशिवाय मुलांना शिकवत होते. ताराबाई मोडक तिथं त्यांच्यासोबत काम करायला गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी इथं खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाईंनी त्यांना चुकार ठरवलं नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणावर गेली. ती कुरणशाळा. १९७५ साली सरकारी बालविकास योजना देशभर सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द सगळ्या देशाचा झाला.

ओळखीची जागा, ओळखीचं माणूस आणि हातात करायला काहीतरी, एवढं मिळालं की लहान मुलाची भीती निम्मी होते, हे या दोघींनी करून दाखवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. उचलबांगडीच्या काळापासून इथपर्यंत यायला आपल्याला एवढी वर्षं लागली.

परत पाठवायचं कसं?

कारण समजलं तरी मूल शाळेत पोहोचायला हवं. वॉलेस केनेडी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली ५० मुलांवरच्या झटपट उपचारांचा अहवाल दिला. ही पहिल्यांदाच अडलेली मुलं होती. त्यानं नोंदवलेलं एक लक्षण वाचून मी चमकलो : गुरुवारी-शुक्रवारी मुलाला बारीकसा आजार होतो आणि सोमवारपासून ते शाळेला जायला नकार देतं. दुसरं लक्षण, आईची तब्येत खरोखर बिघडलेली असते किंवा तसं मुलाला वाटत असतं. केनेडीची पद्धत अशी होती : शाळेला विश्वासात घ्या, पालकांना धीर द्या, मुलाला शांतपणे पण ठामपणे शाळेत पोहोचवा, तिथं टिकलं की कौतुक करा. आणि पोट दुखत असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या, मात्र शाळा सुटल्यानंतरची! सगळी ५० मुलं शाळेत परतली.

१९८४ साली इंग्लंडमध्ये ब्लॅग आणि यूल यांनी ६६ मुलांची तुलना केली. शाळेत लवकर परतण्यावर भर देणाऱ्या वर्तनोपचारानंतर वर्षभरानं ९० टक्क्यांहून अधिक मुलं शाळेत जात होती. घरी शिकवणी आणि मानसोपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण फक्त १० टक्के होतं. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे हे आकडे अंतिम मानू नयेत. पण 'बरं वाटलं की जाईल' या समजुतीला त्यांनी मोठा धक्का दिला. घरी राहिल्यानं भीती तात्पुरती शमते, आणि नेमकी त्यामुळेच पक्की होते. माझी दोन सर्टिफिकेटं याच खात्यात जमा झाली होती.

पण ठामपणा सगळ्यांना सारखा लागू नाही. १९९० च्या दशकात ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी सांगितलं, की मूल घरी राहून काय साधतं, ते आधी पाहा. शाळेतल्या एखाद्या गोष्टीचा त्रास टळतो का? चारचौघांत बोलणं, परीक्षा, चेष्टा यांतून सुटका होते का? घरच्यांचा सहवास मिळतो का? की टीव्ही-मोबाइल मिळतो? चौघांचा इलाज वेगळा. वर्गात रोज छळ होणाऱ्या मुलाला नुसतं ठामपणे परत पाठवणं म्हणजे पुन्हा उचलबांगडीच.

जपानमध्येही हाच प्रवास झाला. तिथं आधी 'शाळेची विकृत भीती', मग 'शाळेला नकार' आणि शेवटी साधं 'शाळेत न जाणं' असे शब्द बदलत गेले. १९९२ साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या समितीनं म्हटलं, की हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू शकतं. २०२३ या शैक्षणिक वर्षात तिथं वर्षाला ३० किंवा अधिक दिवस अशा कारणांनी गैरहजर राहिलेल्या प्राथमिक व माध्यमिक मुलांची संख्या ३ लाख ४६ हजारांवर होती. नाव सौम्य झालं म्हणून प्रश्न सुटत नाही; पण लाज कमी झाली की पालक लवकर मदत मागतात.

मग आपण काय करायचं?

• एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. डोळे आणि कान यांचीही तपासणी करा.
• "शाळा का नको?" असं दरडावून न विचारता, रात्री शांतपणे विचारा, "शाळेतला सगळ्यात नको वाटणारा वेळ कोणता?" मधली सुट्टी, बस, गणिताचा तास, स्वच्छतागृह... उत्तर बहुतेक वेळा तिथं दडलेलं असतं.
• घरात अलीकडे आजारपण, मृत्यू, भांडणं, बदली, नवं बाळ असं काही झालंय का, ते आठवा. मुलापासून लपवलेली गोष्ट मुलाला निम्मी कळलेली असते.
• वर्गशिक्षकांना भेटा. वाचन-लेखनात अडचण आहे का, कुणी त्रास देतं का, हे त्यांना विचारा. छळ होत असेल तर आधी तो थांबला पाहिजे.
• निरोप छोटा ठेवा. कधी परत येणार ते सांगा आणि ते पाळा. मुलाचं लक्ष चुकवून निघून जाऊ नका.
• पूर्ण दिवस जमत नसेल तर दोन तासांपासून सुरुवात करा. पण रोज जाऊ द्या. घरी राहिलंच, तर शाळेच्या वेळात टीव्ही-मोबाइल नको.
• दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मूल जगणं नको म्हणत असेल, तर त्याच दिवशी. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

आता त्या चौथीतल्या मुलाचं सांगतो. दिवाळीनंतर त्याच्या वर्गाच्या बाई स्वतः आईबरोबर माझ्याकडे आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टर, हा वर्गात सारखा घड्याळाकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, बाबा आत्ता घरी असतील ना?" माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. पहाटे मीच त्यांना तपासून रुग्णालयात पाठवलं होतं. मुलगा तेव्हा झोपलेला होता; उठला तर बाबा घरात नव्हते. वडील बरे होऊन आले, पण त्याच्याशी त्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. बाप आणि मुलगा दोघंही माझेच पेशंट, दोघांचे कागद माझ्याच कपाटात. आणि मी मुलाच्या पोटाची सोनोग्राफी करत बसलो होतो.

त्या संध्याकाळी मी मुलाला बाबांचा ईसीजी दाखवला आणि आता ते कसे आहेत, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वडील त्याला चालत शाळेत सोडू लागले. त्यांनाही चालणं सांगितलेलंच होतं. पहिला आठवडा फक्त मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. नाताळपर्यंत तो रुळला. पहिलं सत्र गेलं ते गेलंच.

तेव्हापासून बेंबीवर हात ठेवून कुणी लहान पेशंट आला, की पोट तपासून झाल्यावर मी एक प्रश्न नक्की विचारतो : "घरी सगळे बरे आहेत ना?" आणि उत्तराची वाट मुलाकडे बघत पाहतो, आईकडे नाही.